बुजते म्हणजे फुगतेच ना

मे महिन्यातली दुपार उतरायला लागली होती. विदर्भात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं तालुक्याचं गाव, आणि त्याच्या बायपासपलीकडे नवा पडलेला ले-आउट. गेल्या हंगामापर्यंत तिथं कपाशीची पऱ्हाटी उभी होती, हे बुंध्यांच्या खुंटांवरून कळत होतं. आता चुन्याच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यावर पांढरे रंगवलेले दगड आणि तोंडाशी लोखंडी कमान. एक कुटुंब प्लॉट बघायला आलं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, तिचे यजमान आणि सासूबाई. दलालानं गाडीच्या बोनेटवर नकाशा पसरला होता. तो उडू नये म्हणून नवरा-बायको दोघं दोन बाजूंनी हात ठेवून उभे होते. तीस बाय पन्नास, पूर्वमुखी, पुढं नऊ मीटरचा रस्ता, असं चाललेलं. सासूबाई मात्र प्लॉटच्या मधोमध गेल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडलेली एक तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडी, त्यांनी उचलली, वाकल्या आणि जमिनीला पडलेल्या भेगेत घातली. तुऱ्हाटी सरळ आत गेली, हातभर तरी. त्यांनी वर पाहिलं. दलालाच्या ते लक्षात आलं. तो समजुतीनं म्हणाला, "काही नाई होत आजी, बरसात आली का बुजून जाते सारं."

"बुजते म्हणजे फुगतेच ना ते राजा," म्हातारी म्हणाली.

त्यावर कुणी काही बोललं नाही. नकाशाची घडी झाली, गाडी सुरू झाली, आणि तुऱ्हाटी भेगेतच राहिली. पण ते एक वाक्य मनातून जात नाही. कारण विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहिलं घर बांधायला निघालेल्या माणसाला जे जे कळायला हवं, त्यातलं अर्धं त्या वाक्यात आहे. आयुष्यभर शेत पाहिलेल्या बाईला ते न शिकता ठाऊक होतं. सुनेला, मुलाला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सही मात्र त्या दोघांची होणार होती.

गावातली चांगली वस्ती कोणती, हे सगळ्यांना माहीत असतं. कॉलेज रोडची कॉलनी, डॉक्टरांचे दवाखाने, सिमेंटचा रस्ता, संध्याकाळी फिरायला निघालेली माणसं. तिथं घर असलं की सोयरिकीतसुद्धा पत्ता सांगताना आवाज जरा मोकळा होतो. तिथला भाव समजा चौरस फुटाला १८०० रुपये आहे आणि बायपासपलीकडे ६००. दीड हजार फुटांच्या प्लॉटला फरक पडतो १८ लाखांचा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं, तर एवढ्या रकमेचा हप्ता महिन्याला सुमारे १५,६०० रुपये होतो. नुकत्याच नोकरीला लागलेल्या जोडप्यासाठी हा आकडा म्हणजे मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं आणि सणावाराचं कापड, सगळं त्यात. म्हणून लोक पलीकडे जातात, आणि त्यांनी जावं असंच माझं मत आहे. चांगल्या वस्तीतला प्लॉट परवडावा म्हणून घरच न बांधता दहा वर्षं भाड्यानं राहणारी माणसं कमी नाहीत. मात्र १८ लाखांचा तो फरक सगळाच्या सगळा वाचत नाही. चांगल्या वस्तीत जी कामं आधीच होऊन गेलेली असतात, ती इथं व्हायची असतात आणि ती तुमच्या अंगावर येतात. ती कोणती, किती, हे आधी मोजलं तर स्वस्त प्लॉट खरंच स्वस्त पडतो.

पहिलं काम मातीचं.

काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. आपल्या कपाशीला ती मानवते ती याच गुणामुळे, ओल धरून ठेवते म्हणून. घराला तोच गुण बाधतो. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून वर उचलते, मधली, घराखाली झाकलेली माती तशीच राहते. उन्हाळ्यात उलट, कडेची माती आकसून खाली बसते. म्हणजे दरवर्षी घराच्या कडा एकदा वर, एकदा खाली. म्हणून तर इकडच्या घरांत ऑगस्टमध्ये दार चौकटीत अडकतं आणि मे महिन्यात आपोआप मोकळं होतं. लोक म्हणतात लाकूड फुगलं. लाकूड फुगतंच, पण खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरकी चीर वर निघाली असेल तर ती लाकडाची नाही, पायाची आहे. प्लास्टर करून, रंग देऊन ती बुजवली तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी उघडते. खोऱ्यातल्या पंधरावीस वर्षांच्या कुठल्याही साध्या घरात शिरा आणि खिडक्यांचे कोपरे पाहा.

यवतमाळकडे पठारावर, किंवा बरड जमिनीत, चार-पाच फूट खणलं की मुरूम लागतो. तिथं पाया मुरमावर टेकवला की काम भागतं. पूर्णेच्या खोऱ्यात तसं नाही. इथं नदीचा गाळ इतका खोल आहे की मुरूम लागेपर्यंत खणतो म्हणणाऱ्यानं विहीरच खणायला घ्यावी. मग दोन वाटा राहतात. एक, अंडररीम पाइल. फूटभर व्यासाचं भोक हाताच्या गिरमिटानं साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खाली न्यायचं, कारण तेवढ्या खोलीच्या खाली पावसा-उन्हानं ओल फारशी कमीजास्त होत नाही. तळाशी भोक अडीचपट रुंद करायचं, फूटभराच्या खांबाला अडीच फुटांचा फुगा, आणि सळयांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही उचलू पाहो, खालचा फुगा खांबाला धरून ठेवतो. हे काम कोरड्या दिवसांतच करावं. पावसाळ्यात भोकाच्या कडा ढासळतात, माती काँक्रीटमध्ये मिसळते आणि वरून काही दिसत नाही. पाइलवरच्या बीमखाली तीन इंच मोकळी जागा सोडायची असते. बीम थेट काळ्या मातीवर टेकवला की माती फुगताना बीमलाच उचलते, आणि पाइलचा सगळा खर्च वाया जातो. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण बीमखाली पोकळी ठेवायची म्हटलं की मिस्त्रीला ते चुकीचं वाटतं. माती ठोकून त्यावर सेंट्रिंग बसवणं त्याला सोपं जातं. बीम भरायच्या दिवशी घरच्या माणसानं तिथं उभं राहायचं ते याच्यासाठी.

दुसरी वाट माती बदलण्याची. पायाखालची काळी माती तीन-साडेतीन फूट काढून टाकायची आणि तिथं न फुगणारी, पण चिकटपणा असलेली मुरमाड माती भरायची. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अशा थराचा पुष्कळ अभ्यास केला. साधारण मीटरभर जाडीचा चांगला दाबलेला थर खालच्या काळ्या मातीची फुगण्याची ताकद दाबून धरतो, हे त्यांच्या कामातून पुढं आलं. निव्वळ रेती भरली तर मात्र फसगत होते. रेतीतून पाणी थेट खालच्या काळ्या मातीपर्यंत पोचतं आणि तिथंच साठून राहतं.

जोत्याचा हिशेब तर कागदावर मांडूनच निघावं. हजार फुटांचं घर, जोतं अडीच फूट उंच. भराव लागतो अडीच हजार घनफूट, म्हणजे २५ ब्रास. पण ट्रॉलीतला मुरूम सैल असतो. सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून, धुम्मस करून बसवला की पाचवा हिस्सा दबतो. म्हणजे आणायचा ३१ ब्रास, साध्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या ३१ खेपा. इथं बचत करायची म्हणून पाया खणताना निघालेली काळी मातीच जोत्यात भरतात. फुकटची माती, जागेवरच पडलेली. दोन पावसाळे गेले की फरशी मधून उचलते आणि बादली ठेवली की डुगडुगते. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा घातला तर कडेची माती बरीचशी कोरडी राहते. हा पट्टा घरासोबतच घालावा. नंतर घालू म्हणणाऱ्यांचा तो दहा-दहा वर्षं राहून जातो. आणि भिंतीला लागून कडुनिंब, पिंपळ लावू नये. सावलीसाठी झाड हवंच, आपल्याकडे पंचेचाळीसच्या उन्हात त्याशिवाय घर घर वाटत नाही, पण मोठं झाड मुळांनी पायाखालची ओल ओढून घेतं आणि त्या बाजूचा कोपरा बसतो. झाड जेवढं उंच होणार, तेवढं अंतर भिंतीपासून ठेवलं तर बरं.

मग पाणी. अकोला, अमरावती, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खाऱ्या पाण्याचं नव्यानं काय सांगायचं. चहा फाटतो, डाळ शिजत नाही, डोक्याला साबण फेसाळत नाही. पण हेच पाणी बोअर मारून बांधकामाला वापरतात, आणि ते कुणाला खटकत नाही. सळई घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावं, असं भारतीय मानक सांगतं. खारं पाणी सळईला आतून गंज लावतं, गंजलेली सळई फुगते आणि स्लॅबच्या खालून पापुद्रे सुटायला लागतात. तोवर हप्ते अर्धेही फिटलेले नसतात. बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्यावं, क्लोराइड जास्त निघालं तर स्लॅब, बीम आणि खांबांपुरतं तरी गोडं पाणी टँकरनं आणावं. स्लॅब नीट पक्का व्हावा म्हणून त्यावर वाफे करून पाणी उभं ठेवतात. हजार फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायला ४,७०० लिटर लागतं, म्हणजे ५,००० लिटरचा एक टँकर. उन्हाळ्यात ते झपाट्यानं उडतं, म्हणून रोज भर घालावी लागते. उन्हाच्या दिवसांत साध्या सिमेंटला किमान दहा दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला चौदा दिवस स्लॅब ओला राहायला हवा. चौथ्या दिवशी वाफे कोरडे पडले आणि दुपारचं ऊन लागलं, की स्लॅबवर केसांसारख्या चिरा उमटतात. पहिल्या पावसात तिथूनच पाझर येतो.

काळ्या मातीत शोषखड्डाही नीट चालत नाही. पहिल्या वर्षी ठीक वाटतो, कारण भेगांतून पाणी जिरतं. पावसाळ्यात माती भिजून घट्ट झाली की खड्डा भरतो आणि सांडपाणी अंगणात येतं. ले-आउटमध्ये नाली आहे का, असली तर ती कुठं जाऊन पडते, हे पायी चालत बघावं. पुष्कळ ठिकाणी ती शेवटच्या प्लॉटशी संपते.

कागदांचं सांगताना मात्र मनात थोडी भीती असते.

काळी माती पाहून कळते, कागद पाहून कळत नाही. खोऱ्यात आणि एकूणच विदर्भात प्लॉट विकताना सर्रास ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवला जातो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. स्टँपपेपरवर नोटरी करून घेतलेला व्यवहारही मालकी देत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदवलेल्या दस्तानेच होते, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलीच ही गोष्ट आहे. सातबारा आधी बघावा, आणि त्यात सगळ्यात आधी 'इतर हक्क' हा रकाना. बँकेचा बोजा तिथंच दिसतो, कुळाचा शेरा तिथंच दिसतो. भोगवटादार वर्ग १ आहे की २, हेही पाहावं. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्याकडे भूदानात मिळालेल्या जमिनी अजून पुष्कळ आहेत, त्या भूमिहीनांना कसण्यासाठी दिलेल्या, विकण्यासाठी नाहीत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे मंजुरी लागते, आणि ती नसताना झालेला व्यवहार वर्षानुवर्षांनीही उलटतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वनजमिनीच असल्याचं स्पष्ट केलं. सातबाऱ्यावरचे हे दोन शब्द वाचायचे राहिले तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही.

प्लॉट एन.ए., म्हणजे बिगरशेती झालाय, असं दलाल म्हणतो तेव्हा तीन वेगळे कागद मागावेत. अकृषक आदेश, मंजूर अभिन्यासाचा, म्हणजे ले-आउटचा नकाशा, आणि कमी-जास्त पत्रकानंतर, म्हणजे प्लॉटांची वेगवेगळी नोंद झाल्यावर, प्लॉटचा निघालेला स्वतंत्र सातबारा. तिसरा नसेल तर जमिनीवरचा प्लॉट आणि कागदावरचा प्लॉट अजून एक झालेले नाहीत. मंजूर नकाशा हातात घेऊन ले-आउटमध्ये फिरावं आणि खुली जागा शोधावी. नियमानं सोडलेली दहा टक्के खुली जागा नंतर प्लॉट पाडून विकल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतात, आणि तिथं घर बांधणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात गरीब असतो, कारण तोच प्लॉट सगळ्यात स्वस्त असतो. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची नोंदणी लागते, तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून बघायला मोबाइल पुरतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. तीस वर्षांचे फेरफार वकिलाकडून तपासून घेतले तर काही हजार लागतात. इसार देण्याआधी लागतात ते हजार, नंतर तेच लाखांत जातात. भूमी अभिलेखाकडून मोजणी करून हद्दीची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा घ्यावा आणि तो घेतल्याशिवाय कुंपणाचा एकही खांब रोवू नये. पांढरे दगड दलालानं रोवलेले असतात.

नोंदणी शुल्क एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. मुद्रांक शुल्क तुम्ही दिलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांतलं जे जास्त त्यावर. यात फार सांगण्यासारखं काही नाही.

राहण्याचं मात्र आहे. बायपासपलीकडे राहणं म्हणजे रोज चार किलोमीटर गावात, चार परत, दिवसातून दोनदा. महिन्याची सव्वीस कामाची दिवसं धरली तर ४१६ किलोमीटर. लिटरला पंचेचाळीस देणाऱ्या गाडीला सव्वानऊ लिटर पेट्रोल. हा खर्च हप्त्यापुढं काहीच नाही. पण जुलैत कच्च्या रस्त्यावर काळा गारा मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये असा बसतो की चाक फिरतच नाही. गाडी बाजूला लावून तुऱ्हाटीच्या काडीनं तो खरवडून काढावा लागतो, आणि दहा पावलांवर पुन्हा तेच. शाळेला निघालेल्या बाईच्या साडीचा काठ, पोराचे पांढरे मोजे, सगळं काळं. पाहुणे विचारतात, एवढ्या लांब कशाला गेले. रात्री लाइट गेले की रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा कळप कुंपणाशी येऊन उभा राहतो आणि लहान मुलं घाबरतात. दुसरीकडे, मे महिन्यात कॉलनीतल्या घरांत रात्री बारालाही भिंती उष्ण असतात, तेव्हा इथं गच्चीवर गादी टाकली की पहाटे चादर ओढून घ्यावी लागते. पहिल्या पावसाचा वास इथं शेतातून थेट आत येतो. पहिल्या घराचा आनंद आणि एकटेपणा एकदमच आत येतात, आणि दोन्ही खरे असतात. शेजारी दुसरं घर उभं राहिलं, तिसऱ्या घरात कूलरचा आवाज आला, की एकटेपणा हळूहळू निघून जातो. रस्त्यावर मुरूम पडतो तोही बहुधा घरं पाच-सात झाली आणि सगळे मिळून ग्रामपंचायतीत गेले, की मगच.

म्हणून कुणी विचारलंच तर एकच आग्रह असतो, प्लॉट दोनदा पाहा. एकदा मे महिन्यात, भेगा बघायला. एकदा जुलैत, पाणी कुठं थांबतं ते बघायला. त्याला पैसे लागत नाहीत. दलाल म्हणतो, तोवर भाव वाढेल. वाढू द्यावा.

ते कुटुंब जुलैत पुन्हा आलं. चार दिवस झड लागून गेली होती. कमान तिरपी झालेली, चुन्याच्या रेघा वाहून गेलेल्या, पांढरे दगड कुणी इकडे कुणी तिकडे कललेले. यजमानांनी सोबत मिस्त्री आणला होता. मिस्त्रीकडे पारदर्शक नळी होती, पाणी भरलेली, लेव्हल बघायची. एक टोक रस्त्याच्या खडीवर धरलं, दुसरं प्लॉटच्या कोपऱ्यात, आणि पट्टीनं मोजलं. प्लॉट रस्त्यापेक्षा दीड फूट खाली होता. शिक्षिकेनं वहीत आकडा लिहिला आणि तिथंच उभ्या उभ्या हिशेब मांडला. दीड हजार फुटांना दीड फूट, साडेबावीस ब्रास, आणि दबण्याचे वरचे वेगळे. दोन ओळी वर, रस्त्याच्या बरोबरीला एक प्लॉट होता, चाळीस हजारांनी महाग. तिघंही तिकडे चालत गेले, चपला हातात घेऊन.

जाताना सासूबाई मध्येच थांबल्या. मे महिन्यातली तुऱ्हाटी तिथंच होती, वीतभर वर आलेली. भेग कुठं दिसत नव्हती, जमीन सपाट, काळी, चकाकत होती. त्यांनी दोन्ही हातांनी धरून तुऱ्हाटी ओढली. ती हलली नाही.

"पाह्य," त्या सुनेला म्हणाल्या, "कशी धरली ते."

सून वाकली, तिनंही ओढून पाहिली. वरचा तुकडा कडकन मोडून तिच्या हातात आला, बाकीची आतच राहिली.

"पुन्हा एकदा नळी लावा," ती मिस्त्रीला म्हणाली. "वरच्या प्लॉटला."

मिस्त्रीनं नळीतलं पाणी झटकून हलवलं, बुडबुडा निघून जाईपर्यंत थांबला, आणि टोक तिच्या हातात दिलं.